बर्फातलं लग्न आणि कॅमेरा

लग्नाचे फोटो म्हटलं की आपल्याकडच्या फोटोग्राफरला आधी घाम आठवतो. वैशाखातला मुहूर्त, पत्र्याच्या मांडवाखाली दाटलेली माणसं, दिव्यांची धग आणि नवरीच्या कपाळावरचा घाम टिपायला रुमाल घेऊन उभी असलेली करवली. माझी उमेदवारीची सगळी वर्षं सातारा-कऱ्हाडकडच्या अशा मांडवांत गेली. लेन्सवर धूळ बसू नये, एवढीच काय ती हवामानाची चिंता. पुढे 'बर्फात लग्न करायचंय, याल का?' असे फोन येऊ लागले, तेव्हा मला धंद्याची बाराखडी नव्याने गिरवावी लागली. तुमच्यापैकी फार थोड्यांवर बर्फात लग्नाचे फोटो काढायची वेळ येईल, हे मी जाणतो. पण मनालीला किंवा गुलमर्गला जाऊन आल्यावर 'तिथला बर्फ इतका पांढराशुभ्र होता, मग फोटोत असा मळका का?' म्हणून हळहळणारी मंडळी घरोघरी आहेत. दोन्हींचं उत्तर एकच आहे.

आधी मुहूर्ताचं बोलू. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा काळ, उत्तरेत 'खरमास' म्हणून ओळखला जातो आणि त्यात लग्नं लागत नाहीत. संक्रांत सरली की मुहूर्त खुले होतात. नेमकं तेव्हाच, जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत, पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांमुळे हिमालयात बर्फ जोरात पडतो. पहाडातल्या माणसांना त्याचं अप्रूप नाही, ती गुडघाभर बर्फातून वरात नेतात. हौस आहे ती आपल्याला, आणि ती सिनेमाने लावली. 'जंगली'मध्ये (१९६१) शम्मी कपूर बर्फावरून घसरला, 'चांदनी'मध्ये (१९८९) श्रीदेवी स्वित्झर्लंडच्या डोंगरांत झुळझुळीत साड्या नेसून वावरली. त्या साडीखाली नटीचं काय होत असेल, हा प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही. फोटोग्राफरला मात्र तो पडावा लागतो.

मी आज जे सांगणार आहे ते बरंचसं एका लग्नाच्या आधाराने सांगतो. २०१९च्या फेब्रुवारीत उत्तराखंडातल्या त्रियुगीनारायणला मी गेलो होतो. रुद्रप्रयाग जिल्ह्यातलं, सोनप्रयागहून बारा-तेरा किलोमीटरवर, सुमारे १,९८० मीटर उंचीवरचं हे गाव. शिव-पार्वतीचा विवाह इथे झाला, विष्णूने पार्वतीच्या भावाची जागा घेतली आणि ब्रह्मदेव पुरोहित झाला, अशी श्रद्धा आहे. मंदिरात अखंड धुनी आहे. दर्शनाला येणारे तिच्यात लाकूड वाहतात आणि अंगारा घेऊन जातात. मुलगी साताऱ्याची, मुलगा गढवाली, दोघांची नोकरी पुण्यात. मंदिरासमोरच्या अंगणात लग्न लागायचं होतं. एकीकडे ढोल-दमाऊ आणि मांगल गाणाऱ्या बायका, दुसरीकडे अंतरपाट आणि मंगलाष्टकं. मुलीची आजी ऐंशी पार केलेली, तिला डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. निघायच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला आणि म्हणाली, "तुम्ही काढाल तेच मी बघणार. आणि एक सांगते, माझ्या नातीला गारठवू नका." त्या लग्नात माझ्या कामाची अट आजीने दोन वाक्यांत घालून दिली होती.

आता त्या मळक्या बर्फाकडे वळू. कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारं एक मीटर असतं. त्याला समोर नवरी उभी आहे की चुन्याची भिंत, हे मुळात कळत नाही. ते एक गोष्ट गृहीत धरून चालतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे, म्हणजे अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी अठरा टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवणारं आहे. शेत, रस्ता, झाडं, माणसं यांची गोळाबेरीज केली तर बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. मीटरला वाटतं, फारच उजेड झाला, आणि ते प्रकाश कमी आत घेतं. मग बर्फ राखेसारखा होतो आणि त्याच्यापुढे उभी असलेली माणसं काळवंडतात. आजचे कॅमेरे आणि मोबाइल चेहरा ओळखतात, त्यामुळे चूक पूर्वीपेक्षा कमी होते. पण चेहरा लहान आणि बर्फ भरपूर असला की मीटर पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातं.

उपाय ऐकायला उलटा वाटतो. एवढा लख्ख उजेड असताना आपण आणखी प्रकाश द्यायचा. कॅमेऱ्यावर अधिक-उणेची खूण असते, ती अधिक एक ते अधिक दोन स्टॉपपर्यंत न्यायची. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. किती, हे चौकटीत बर्फ किती आहे त्यावर ठरतं. चौकटभर बर्फ आणि कोपऱ्यात जोडपं असेल तर दोनच्या जवळ, चेहरे जवळून घेतले तर अर्ध्या-पाऊण स्टॉपनेही भागतं. मोबाइलवाल्यांनी चेहऱ्यावर बोट टेकवावं. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याची छोटी खूण येते, ती वर सरकवावी. तेच काम होतं. मात्र लोभ नको. अति प्रकाशात बर्फाचा पोत पुसला जातो, उरतो तो कोरा कागद. बर्फाच्या झळाळीत कॅमेऱ्याच्या पडद्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून मी हिस्टोग्राम नावाचा आलेख बघतो. त्याचा डोंगर उजवीकडे झुकलेला हवा, पण उजव्या भिंतीला धडकलेला नको.

दुसरा प्रश्न निळ्या रंगाचा. सावलीतला बर्फ फोटोत निळसर येतो आणि लोक म्हणतात, कॅमेरा बिघडला. तो बिघडलेला नसतो. सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोहोचत नाही, तिथे पोहोचतो तो निळ्या आकाशाचा प्रकाश. आपला मेंदू तो निळेपणा गुपचूप वजा करतो, कॅमेरा करत नाही. व्हाइट बॅलन्स 'शेड'वर ठेवला की ऊब परत येते. मी तो निळा पूर्ण पुसत नाही. हळद लागलेला नवरीचा चेहरा खरा दिसला पाहिजे, मागच्या बर्फात थोडी निळाई राहिली तर ती थंडीच सांगते. त्या लग्नात मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री त्या निळसर पांढऱ्यावर अशी उठून दिसत होती की मला वेगळं काही करावंच लागलं नाही.

बर्फ फोटोग्राफरला त्रासच देतो असंही नाही. आपल्याकडे भर दुपारी फोटो काढले तर डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात. त्या उजळायला आम्ही एका पोराच्या हातात चंदेरी पडदा देऊन त्याला खाली बसवतो. बर्फात सगळी जमीनच तो पडदा होते. नाकातल्या नथीचा खालचा मोतीसुद्धा उजळलेला मिळतो. कधी कधी हा प्रकाश इतका होतो की चेहरा खालून दिवा धरल्यासारखा दिसू लागतो. मग जोडप्याला चार पावलं हलवून दगडी भिंतीजवळ किंवा झाडाखाली न्यायचं.

यंत्रांचं म्हणाल तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत शून्य ते चाळीस अंश सेल्सिअस अशी वापराची मर्यादा दिलेली असते. प्रत्यक्षात ते त्याखालीही चालतात. दगा देते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. थंडीत ही ये-जा मंदावते, अंतर्गत विरोध वाढतो आणि निम्मी भरलेली बॅटरीसुद्धा 'संपले' म्हणून डोळे मिटते. ती मेलेली नसते. अंगाच्या उबेत थोडा वेळ ठेवली की पुन्हा चालू लागते. म्हणून मी जास्तीच्या चार बॅटऱ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, छातीजवळ ठेवतो आणि आलटून-पालटून वापरतो. गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला मात्र लावू नये. शून्याखाली चार्ज करताना आत लिथियमचा थर साचतो आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं.

बॅटरीची कुरकुर करताना मला नेहमी सॅम्युअल बॉर्न आठवतो. हा इंग्रज १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत हिमालयात लांबलांबच्या मोहिमा काढून छायाचित्रं घेत हिंडला. १८६६ साली मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, त्याने छायाचित्र घेतलं. तेव्हाची पद्धत ओल्या काचेची. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हे सगळं बर्फात, उघड्या बोटांनी. त्याच्या सामानाला हमालांचा तांडा लागे. त्याच्यापुढे आमच्या खिशातल्या चार बॅटऱ्यांचं काय घेऊन बसलात!

थंडीपेक्षा जास्त नुकसान करते ती ऊब. उन्हाळ्यात गार पाण्याचा स्टीलचा पेला बाहेरून कसा ओला होतो? उबदार हवेतली वाफ थंड धातूवर पाणी होऊन बसते. बाहेर दोन तास गारठलेला कॅमेरा जेवणाच्या खोलीत नेला की त्याचा तोच पेला होतो. खोलीत पन्नास माणसं, वाफाळता भात, चहा, ओले कोट. पाणी नुसतं लेन्सच्या काचेवर नाही, आतल्या भागांतही धरतं. त्या लग्नात व्हिडिओ काढणारा एक तरुण वरात आत येताना पाहून बाहेरून तसाच आत धावला आणि पुढची वीस मिनिटं त्याच्या पडद्यावर धुक्याशिवाय काही नव्हतं. नवरीची ओटी भरली गेली ती त्या धुक्यात. यावर साधा तोडगा आहे. बाहेर असतानाच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि मग आत यायचं. पाणी पिशवीवर धरतं, कॅमेरा सावकाश खोलीच्या तापमानाला येतो. तासभर तरी पिशवी उघडायची नाही. अर्थात लग्नात कोणी तुमच्यासाठी तासभर थांबत नाही, म्हणून मी दोन कॅमेरे ठेवतो. एक आतला, एक बाहेरचा, आणि त्यांनी उंबरठा ओलांडायचा नाही. सोवळ्या-ओवळ्याचा हा एकच प्रकार मी पाळतो.

प्रत्यक्ष बर्फ पडत असेल तर आणखी वेगळी गंमत. हिमकण साधारण सेकंदाला एक-दीड मीटर या आरामशीर वेगाने उतरतात. पावसाचा टपोरा थेंब आठ-नऊ मीटरने येतो. त्यामुळे शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग ठेवला की हिमकण हवेत थबकल्यासारखे दिसतात, तिसाव्या भागापर्यंत आणला की त्यांच्या पांढऱ्या रेघा होतात. मागे काही गडद हवं, नाहीतर पांढऱ्या आकाशावर पांढरे कण दिसणार कसे? त्रियुगीनारायणला मंदिराचा काळपट दगड आणि मागची गर्द झाडी होती. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश मात्र बंद. तो आधी लेन्ससमोरच्या कणांवर आदळतो आणि फोटोभर पांढरी बटाटी तरंगू लागतात. तोच फ्लॅश जोडप्याच्या मागे जमिनीवर ठेवला तर प्रत्येक कण मागून उजळतो. अंतरपाट दूर झाला तेव्हा नेमका बर्फ भुरभुरत होता. वरून तो आणि बाजूंनी कुंकवाच्या अक्षता. पांढऱ्या कणांत लाल कण. तो फोटो मी मीटरच्या तोंडाकडे न बघता, आधीच ठरवलेल्या आकड्यांवर काढला. तिथे विचार करायला वेळच नसतो.

अंगणातल्या कोऱ्या बर्फाचं गणितही आधी मांडावं लागतं, कारण तो एकदाच मिळतो. पाच पोरं खेळून गेली की त्याचा चिखल होतो. मी सकाळी आठला यजमानांकडून अंगणाचा एक कोपरा मागून घेतला, दोरी बांधली आणि स्वतःही कडेकडेनेच ये-जा केली. वर-वधूच्या पहिल्या पावलांचे ठसे त्याच कोपऱ्यातले. त्यात उन्हाची घाई. डोंगरांच्या कुशीत पंचांगातला सूर्यास्त उपयोगाचा नसतो. सहाच्या सुमाराला मावळणारा सूर्य चारच्या आधीच समोरच्या कड्याआड जातो आणि पारा धाडकन उतरतो. म्हणून आदल्या दिवशी त्याच जागी उभं राहून सावली कधी येते ते घड्याळात बघून ठेवावं.

आता आजीच्या अटीबद्दल. त्या मुलीलाही एक 'सिनेमासारखा' फोटो हवा होता, शालीशिवाय. मी नाही म्हटलं नाही. पण आम्ही हिशेब केला. शालूखाली गरम कपडे आणि लोकरी मोजे, कारण नऊवारी-शालूच्या घेरात ते दिसत नाहीत. शाल घेऊन मावशी चौकटीच्या एक हात बाहेर उभी. जागा, उजेड, अंतर सगळं नवरीच्या बहिणीला उभं करून आधी ठरवलं. मग नवरी आली, तीन मिनिटांत फोटो झाले, शाल अंगावर, आणि ती आत गेली. एका वेळी दहा मिनिटांच्या वर नवरीला बाहेर ठेवायचं नाही, हा माझा नियम आहे. दागिने हा लोकांच्या लक्षात न येणारा भाग. धातू अंगातली उष्णता भराभर ओढतो. पाटल्या, तोडे, नथ, सगळं बर्फासारखं होतं. ओठ निळे पडणं, बोटं बधिर होणं ही थांबायची खूण. हुडहुडी भरलेल्या माणसाची थरथर अचानक थांबली आणि बोलणं अडखळू लागलं, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही. शरीराचं तापमान धोकादायक खाली गेल्याचं ते लक्षण आहे. अशा वेळी कॅमेरा ठेवून आधी त्या माणसाला ऊब आणि वैद्यकीय मदत मिळेल हे बघायचं. आणि थंडीवर उतारा म्हणून मित्रमंडळी नवरदेवाला जो घोट पाजतात, त्याने नुकसानच होतं. मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगात ऊब आल्यासारखी वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते.

याहून मोठा धोका बाहेर नाही, आत असतो. नवरीची तयारी चालते ती खोली दारं-खिडक्या लावून, मध्ये कोळशाची अंगीठी ठेवून उबदार केलेली असते. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीतल्या अंगीठीने बळी घेतल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मी अशा खोलीत गेलो की आधी खिडकी उघडतो. मेकअपवाल्या बाई चिडतात, चिडू देत.

समूहाच्या फोटोत आपल्याकडची रीत अशी की वडीलधाऱ्यांना आधी खुर्च्यांवर बसवायचं आणि मग तरण्यांना गोळा करत हिंडायचं. बर्फात मी ते उलट करतो. आधी पोरंसोरं, मग काका-मामा, सगळे जागच्या जागी, आणि शेवटी आतून आजी-आजोबा. ते बसले की तीन फोटो आणि तेच पहिले आत. सुरुवातीला कुणाला हा अवमान वाटतो, दुसऱ्या मिनिटाला कारण कळतं.

लग्नाहून परत येण्याचा दिवस मी कधीच पक्का धरत नाही. रस्ता बंद झाला तर दोन दिवस जास्तीचे हाताशी हवेत, आणि फोटोंच्या दोन प्रती वेगवेगळ्या माणसांच्या सामानात. आमचं सामान त्या वेळी एक दिवस सोनप्रयागला अडकलं होतं.

शेवटचं काम घरी, छपाईचं. बर्फाचे फोटो प्रिंटला देताना लॅबवाल्याला बजावून सांगावं लागतं की आपोआप रंग-उजेड सुधारणारी सोय बंद ठेव. कारण त्याचं यंत्रही आमच्या मीटरसारखंच, त्याला बर्फ दिसला की ते त्याला करडा करायला धावतं. मग मी एकच पान आधी छापून बघतो. कागदाचा पांढरा आणि बर्फाचा पांढरा एकमेकांत मिसळून फोटोची कडच नाहीशी होते, म्हणून प्रत्येक फोटोभोवती केसाएवढी करडी रेघ टाकतो. साताऱ्याच्या आजींसाठी अल्बम नेहमीपेक्षा मोठ्या आकारात छापला, कारण त्यांचा मोतीबिंदू एकाच डोळ्याचा निघाला होता. त्यांनी शालीशिवायच्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे किती वेळ?" मी म्हटलं, "तीन मिनिटं." त्यांनी पान उलटलं.